भिंत नेमकी कुठे आहे

तार आणि तारेचं प्रतिबिंब यांच्यातली फट आता केसाइतकी उरली होती. दुर्बिणीतून दोन्ही रेघा सारख्याच दिसत होत्या. वरची जरा थरथरली की खालचीही तिच्या बरोबरीने, तेवढीच थरथरायची. शरयूने डोळा दुर्बिणीला लावला होता. स्क्रू फिरवणारी बोटं मात्र तिची नव्हती.

“अजून?” शिवांगीने विचारलं.

“अजून. हळू.”

“टेकून जाईल न ताई.”

“टेकली तर तुटेल. तुटली तर नवी जोडशील.”

“म्हणजे आज जेवणाची सुट्टी,” शिवांगी म्हणाली, आणि स्क्रू किंचित वळला. दोन्ही रेघा एकमेकींकडे सरकल्या आणि जिथे थांबायला हव्या होत्या तिथेच थांबल्या.

असं थांबायला शिकण्यात शरयूचे दोन हिवाळे गेले होते. तुटलेल्या तारांची एक काचेची बाटली तिने कितीतरी वर्षं टेबलावर ठेवली होती, स्वतःला आठवण म्हणून. शिवांगीला ते पहिल्याच सेमिस्टरला जमलं. श्वास रोखणं नाही, ओठ चावणं नाही. काम करताना ती काहीतरी गुणगुणत असायची, आणि कोळ्याच्या धाग्यासारखी ती तार तिच्या हातात माणसाळल्यासारखी वागायची.

न्यू जर्सीतल्या त्या मोठ्या विद्यापीठाच्या इंजिनीअरिंग इमारतीत, तळघरात, हे विंड टनेल होतं. एक लांबलचक लाकडी बोगदा, एका टोकाला पंखा आणि तळाशी आरशासारखी घासलेली ॲल्युमिनियमची प्लेट. बोगद्याच्या मधोमध वाऱ्याचा वेग कुणीही मोजेल. इथे मोजायचं असे ते भिंतीलगतचं, आणि भिंत म्हणजे ती प्लेट. भिंतीला टेकलेली हवा, वरून कितीही वारा वाहो, जागची हलत नाही. तिच्यावरचा थर थोडा सरकतो, त्याच्यावरचा आणखी थोडा. वेग किती चटकन चढतो त्यावरून हवा भिंतीला किती घासते ते कळतं. विजेने तापवलेली तार त्या वाऱ्यात किती निवते ते पाहिलं की वेग मिळतो. पण तार भिंतीपासून किती वर आहे, ते कळायला तिथे कुठलीच पट्टी पोचत नाही. म्हणून प्रतिबिंब. तार आणि तिचं प्रतिबिंब यांच्यातलं अंतर दुर्बिणीतून मोजायचं आणि अर्धं करायचं.

“अर्धं केलंस की भिंत सापडते,” नागपूरहून पीएचडीला नुकत्याच आलेल्या शिवांगीला शरयूने पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. आणि त्यासोबत लॅबचा दुसरा नियम. दुर्बीण वापरलीस तर जाताना होती तशी ठेवायची. दिवा, स्क्रू, आतली आडवी रेघ, सगळं जिथल्या तिथे. तो नियम शरयू इतका काटेकोर पाळायची, की तिने येऊन पाहिलं हे दुर्बिणीलासुद्धा कळत नाही, असं पोरं म्हणत.

“झालं,” शिवांगी म्हणाली. “या न ताई, आता हे बघा.”

संगणकाच्या पडद्यावर दोन रेषा होत्या. निळी उघड्या प्लेटची. लाल रेषा फिल्म लावलेल्या प्लेटची. कांद्याच्या पापुद्र्यासारखी पारदर्शक फिल्म एका कंपनीने पाठवली होती. विमानाच्या पंखांवर चिकटवली की हवेचं घर्षण कमी होतं, असा त्यांचा दावा होता. लाल रेषा निळीच्या खाली होती. थोडीशी, पण सगळीकडे.

“घर्षण सात टक्के कमी,” शिवांगी म्हणाली. “तीनदा केलं. तीनदाही सातच येऊन राहिले.”

शरयूने चष्मा काढला, ओढणीच्या टोकाने पुसला आणि परत लावला. रेषा तिथेच होत्या.

“छान,” ती म्हणाली.

मागून बुटांचा आवाज आला. डोरोथी किन्सेला, म्हणजे सगळ्यांची डॉट, लॅबची प्रमुख. वय सत्तरीला टेकलेलं, पायात कायम पळायचे बूट. तिने पडद्याकडे बराच वेळ पाहिलं, मग शिवांगीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “पोरी, लोक आयुष्यभर एक टक्क्यासाठी झुरतात. शुक्रवारी इथे रिहर्सल कर. नोव्हेंबरच्या परिषदेत तू हे मोठ्या हॉलमध्ये मांडणार आहेस.”

शरयूची नजर त्या हाताकडे गेली. डॉटने तिच्यावर पुष्कळ विश्वास टाकला होता. किल्ल्या, विद्यार्थी, सगळं टनेल. खांद्यावर हात मात्र कधी ठेवला नव्हता. आणि मोठ्या हॉलमध्ये शरयू दरवर्षी बसायची ती श्रोत्यांच्या खुर्चीत.

जाताना डॉट दारात थांबली. “आणि तू? मी उन्हाळ्यात निवृत्त होतेय. टनेल तू घेतेस, की मी डीनला दुसरं कुणीतरी शोधायला सांगू? दुसरं कुणी मिळालं नाही तर ते हे मोडून इथे सर्व्हर ठेवतील, ठाऊक आहे ना?”

“परिषद होऊ दे,” शरयू म्हणाली.

“मार्चमध्ये तू म्हणालीस, सेमिस्टर संपू दे.”

“हो.”

डॉट हसली आणि गेली. शिवांगीने ऐकलंच नाही असं दाखवत तारेवर झाकण घातलं.

टनेल घेणं म्हणजे काय, हे शरयूला नीट ठाऊक होतं. दुसऱ्यांचे प्रयोग उभे करायचे. दुसऱ्यांच्या तारा जोडायच्या. पेपरवर आपलं नाव तिसरं, चौथं, आभारात. तिला निदान एकदा, एकच गोष्ट, सगळ्यांच्या आधी स्वतःला दिसायला हवी होती. मग हो म्हणणं सोपं गेलं असतं. किंवा नाही म्हणणं.

*

रविवारी शिवांगी जेवायला आली, ती हातात कोथिंबिरीच्या चार जुड्या घेऊन.

“आज तुम्ही बसा, ताई. सांबारवडी मी करते.”

“सांबार? इडलीबरोबरचं?” सौमित्रने विचारलं. शरयूचा नवरा डोंबिवलीचा, आणि स्वयंपाकाच्या बाबतीत डोंबिवलीच्या पलीकडे न गेलेला.

“नाही हो दादा! आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. तुमच्या मुंबईवाल्यांना काही म्हणजे काही माहीत नसते.”

“केया, ऐकलंस? तुझ्या बापाचा अपमान होतोय.”

“डिझर्व्ह्ड,” सोफ्यावरून केया म्हणाली. ती चौदा वर्षांची होती आणि घरात एकेका शब्दात बोलायची, तेही इंग्रजीत. पण थोड्या वेळाने शरयू भांडी काढायला स्वयंपाकघरात गेली, तेव्हा केया ओट्यापाशी उभी होती, हाताला बेसन, आणि म्हणत होती, “असं दाबू? की जास्ती?”

“जास्ती दाबलं तर फुटते न बाप्पा. माया कर तिच्यावर.”

“माया म्हणजे?”

“लव्ह. पण हळू हळू केलेलं.”

केया हसली. शरयूने वरच्या कपाटातून ताटं काढली. चार काढायची होती, पाच काढली. एक परत ठेवलं. रविवारच्या मराठी शाळेत हिला सहा वर्षं नेली, गाडीत दोन्ही वेळा भांडण करून. “असं दाबू” एवढं वाक्य तिच्या तोंडून ऐकायला मिळालं नव्हतं.

जेवताना केयाने छताकडे बोट दाखवलं. “आई, डिड यू नो? फॅन इतका फास्ट फिरतो, तरी त्याच्यावर डस्ट असते. बिकॉज ब्लेडला चिकटलेली हवा ब्लेडबरोबरच फिरते. सो डस्टला वारा लागतच नाही! शिवांगीदीदीने सांगितलं. इट्स सो कूल.”

“हो,” शरयू म्हणाली. “माहीत आहे.”

पंख्याच्या पात्यावरची धूळ तिने केयाला दाखवली होती, स्टुलावर उभं करून, बोटाने पुसून. केया तेव्हा सात वर्षांची असेल. तिला शिंक आली होती आणि विषय संपला होता. शिवांगीलाही तीच धूळ तिने पहिल्या आठवड्यात दाखवली होती. शिवांगीने मान वर केली आणि काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, बहुधा हेच, की मला ताईंनीच सांगितलं. पण तेवढ्यात सौमित्रने तिच्या ताटात भात वाढला आणि ती “पुरे, दादा, पुरे!” म्हणत राहिली.

ती गेल्यावर सौमित्र ओटा पुसत म्हणाला, “मॉरिसव्हिलच्या ऑफिसमधून परत मेल आलाय. जानेवारीपर्यंत जागा धरून ठेवतील म्हणतात. त्यानंतर नाही.”

“हं.”

“मला नॉर्थ कॅरोलायना चालेल, न्यू जर्सी चालेल. तू टनेल घे, आपण इथे राहू. नको घेऊस, तिकडे जाऊ. तिकडे तुलाही काहीतरी मिळेल. पण बाई, इंडिकेटर तरी दे. मागच्या गाड्या हॉर्न वाजवतायत.”

“देते.”

“कधी?”

शरयूने उरलेल्या वड्या डब्यात भरल्या. एक खाल्ली. कुरकुरीत होती, आत कोथिंबिरीचा ओला वास. तिने डब्याचं झाकण जरा जोरातच लावलं.

*

सोमवारी दुपारी शिवांगी पहिल्या वर्षाच्या मुलांचा क्लास घ्यायला वर गेली होती. टनेल बंद होतं. शरयू कसली तरी पक्कड शोधायला आली आणि दुर्बिणीपाशी थांबली.

तिने पाहिलं ते सवयीने. वरची तार, खाली प्रतिबिंब, स्वच्छ, झळझळीत. अंतर बरोबर. अर्धं बरोबर. तिने चूक शोधायची म्हणून पाहिलं नाही, असं तिने नंतर स्वतःला अनेकदा सांगितलं. पण हात दिव्याकडे गेला तो काही सवयीने नव्हे. दिवा नेहमी वर असे. तिने तो खाली घेतला, इतका की उजेड प्लेटला घासून जाऊ लागला.

तेव्हा दिसली. तार आणि प्रतिबिंब यांच्या मध्ये आणखी एक रेघ. अंधूक, राखी, असून नसल्यासारखी. तिने डोळा मिटला, उघडला. होती.

दुर्बिणीतली आडवी रेघ तिने सावकाश खाली आणली आणि त्या अंधूक रेघेवर बरोबर टेकवली. मग ती स्टुलावर बसली.

झळझळीत प्रतिबिंब धातूतलं होतं. अंधूक होतं ते फिल्मच्या पृष्ठभागावरचं. म्हणजे शिवांगीने अर्धं करून जी भिंत शोधली, ती फिल्मच्या खालची. हवेला लागणारी भिंत होती फिल्मची, अगदी जराशी वर. तार वाटत होती त्याहून भिंतीच्या जवळ होती. जवळची हवा संथच असणार. ती संथ हवा लांबची समजली, की घर्षण कमी झाल्यासारखं दिसणार. किती कमी? शरयूने कागद घेतला नाही. मनातच हिशेब झाला. सहा. सात.

सात टक्के म्हणजे फिल्मची जाडी होती. बाकी काही नव्हतं.

तिला हसू आलं. ते आलं तसं तिने तोंडावर हात ठेवला, रिकाम्या लॅबमध्ये. मोठा हॉल डोळ्यांपुढे आला. शेवटच्या रांगेतून कुणीतरी पांढऱ्या केसांचा माणूस उठतो आणि नम्रपणे विचारतो, तुमची भिंत नेमकी कुठे आहे? शिवांगी गुणगुणायची थांबते. मग शरयू स्वतःलाच दिसली. बाहेर कॉरिडॉरमध्ये तिला पाणी देत, पाठीवरून हात फिरवत. होतं असं. सगळ्यांचं होतं. किती छान समजूत घातली असती तिने.

अर्धं केलंस की भिंत सापडते, हे शिवांगीला कुणी शिकवलं, तो विचारही आला. शरयूने तो पुढे जाऊ दिला नाही.

फोन वाजला. केया शाळेच्या दारात उभी होती, बँडची प्रॅक्टिस लवकर सुटली होती, “आई, व्हेअर आर यू?” शरयूने पर्स उचलली, लॅबचं दार ओढलं आणि जिना चढली. गाडी सुरू करताना तिच्या लक्षात आलं की पक्कड घ्यायची राहिली. बाकी काही राहिल्याचं लक्षात आलं नाही.

मंगळवारी सकाळी शिवांगी तिच्या टेबलापाशी आली. डोळ्यांखाली काळं होतं.

“ताई, काही सांगायचं होतं का तुम्हाला मला?”

शरयूने पडद्यावरून नजर काढली नाही. “नाही. का गं?”

शिवांगी क्षणभर उभी राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. ओळखीचं, जवळजवळ लाडिक. “बरं,” ती म्हणाली. “नका सांगू.”

ते हसू शरयूला दिवसभर टोचत राहिलं. एवढा माज. मोठ्या हॉलचा. बुधवारी आणि गुरुवारी शिवांगीने टनेलच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं होतं. पंख्याची घरघर तेवढी भिंतीतून येत होती. स्लाइडवर हात फिरवत असणार, रंग बदलत असणार. गुरुवारी संध्याकाळी पाऊस होता, म्हणून शरयूने तिला गाडीतून तिच्या अपार्टमेंटपर्यंत सोडलं. वायपर फिरत होते. सांगायला सात-आठ मिनिटं होती आणि एक लाल सिग्नल.

“रिहर्सलची भीती वाटते का?” शरयूने विचारलं.

“वाटून राहिली न. पण आता काय. जे आहे ते आहे.”

सिग्नल हिरवा झाला.

*

शुक्रवारी छोट्या सेमिनार रूममध्ये सगळे जमले. डॉट पहिल्या रांगेत, शरयू नेहमीसारखी भिंतीशी. शिवांगीने केस घट्ट बांधले होते. पहिली स्लाइड टनेलची, दुसरी तारेची. तिसरीवर निळी आणि लाल रेषा, त्यांच्यातलं अंतर, आणि मोठ्या अक्षरात सात टक्के.

“गेल्या सोमवारपर्यंत,” शिवांगी इंग्रजीत म्हणाली, “मला हे खरं वाटत होतं.”

पुढची स्लाइड म्हणजे दुर्बिणीतून काढलेला फोटो होता. वर तार. खाली झळझळीत प्रतिबिंब. मध्ये एक अंधूक, राखी रेघ.

शरयूची पाठ भिंतीपासून सुटली.

शिवांगी सावकाश, एकेक पायरी समजावत गेली. कुठली भिंत धातूची, कुठली फिल्मची. मंगळवारपासून तिने सगळी मोजमापं पुन्हा केली होती. शेवटच्या स्लाइडवर लाल रेषा निळीवर जाऊन बसली होती. दोन्हींत मोजण्याजोगं अंतर उरलं नव्हतं. “म्हणजे फिल्मने काहीही होत नाही,” ती म्हणाली. “कंपनीला आवडणार नाही. मलाही नाही आवडलं. पण फिल्म असलेल्या प्लेटवर भिंत कशी शोधायची, ते आता आपल्याला माहीत आहे. परिषदेत मी तेवढंच मांडेन, जर कुणाला ऐकायचं असेल तर.”

शरयू तिच्याकडे पाहत होती. आपलं सगळ्यांत मोठं फळ आपल्याच हाताने कापून टेबलावर ठेवून ही मुलगी सरळ उभी होती. हे आपल्याला जमलं असतं? तिला उत्तर माहीत होतं, आणि आठवडाभरातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा, त्या खांद्यावरच्या हातापेक्षा, केयाच्या मराठीपेक्षा, तिला आत्ता या सरळ उभं राहण्याचा हेवा वाटला.

डॉटने चष्मा काढला. “सहाशे माणसांसमोर होण्यापेक्षा इथे झालं, बरं झालं,” ती म्हणाली. “कुणाच्या लक्षात आलं?”

“शरयूताईंच्या,” शिवांगी म्हणाली.

सगळ्या माना वळल्या.

“मी सोमवारी क्लासवरून परत आले, तर दिवा खाली होता आणि दुर्बिणीतली रेघ भलतीकडेच. मला वाटलं, कुणाचा तरी धक्का लागला. मग आठवलं. त्या दुर्बिणीला माझ्याशिवाय एकच माणूस हात लावतो, आणि तो माणूस कधीच, काहीच हलवलेलं सोडून जात नाही. म्हणजे सोडलं असेल तर ते माझ्यासाठी. मी डोळा लावला. रेघ बरोबर त्या प्रतिबिंबावर होती.” ती शरयूकडे पाहून हसली, मंगळवारचंच हसू. “मी दुसऱ्या दिवशी विचारलं, तर म्हणाल्या, काही सांगायचं नाही. माझं मला सापडू दिलं.”

“मी ते तुझ्यासाठी नव्हतं ठेवलं,” शरयू म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. “विसरले होते मी. घाईत होते.”

खोलीत हशा पिकला. डॉट तर टाळी वाजवून हसली. “शरयू विसरली! ऐका रे, शरयू दिवा जागेवर ठेवायला विसरली!” मग उठून शरयूपाशी आली, आणि या वेळी हात तिच्या खांद्यावर ठेवला. “म्हणून मी तुला विचारतेय, मार्चपासून,” ती हळू आवाजात म्हणाली. तो हात अपेक्षेपेक्षा हलका होता. शरयूला तो झटकून टाकावासा वाटला.

फक्त शिवांगी हसली नव्हती. लॅपटॉपची वायर काढता काढता तिचा हात मध्येच थांबला होता.

*

लॅबमध्ये परत आल्यावर दोघी काही वेळ आपापलं काम करत राहिल्या. शिवांगीने वायर गुंडाळली, पुन्हा सोडली, पुन्हा गुंडाळली. शरयूने दुर्बिणीचा दिवा वर घेतला, जिथे तो असायचा तिथे.

“खरंच विसरल्या होत्या?” शिवांगीने पाठमोरीच विचारलं.

“हो.”

“पण दिसलं तर होतं न तुम्हाला. सोमवारी.”

शरयूने दिव्याचा स्क्रू घट्ट केला. तो घट्टच होता. “दिसलं होतं.”

“आणि काल गाडीत?”

पंखा बंद होता, तरी बोगद्यात कुठेतरी लाकूड कुरकुरलं. शिवांगीने गुंडाळलेली वायर टेबलावर ठेवली, तिची टोकं आत खोचली. तिचे कान लाल झाले होते. शरयूला वाटलं, आता ही रडेल किंवा ओरडेल, आणि दोन्ही चाललं असतं.

“मी आईला फोन करून सांगितलं होतं,” शिवांगी अखेर म्हणाली, “की इथे मला अशी ताई मिळाली. हातात देत नाही, बोट दाखवते फक्त.” तिने वायर टेबलाच्या कडेला सरकवली. “आता आईला काही सांगत नाही बसत मी.”

“सांग. खरं ते सांग.”

“कायला? तिचा जीव दुखवायला?” तिने नाक ओढलं, मनगटाने पुसलं. मग तारेचं झाकण उघडलं, तार पाहिली, झाकण लावलं. सोमवारी क्लास होता, फिल्म काढून पुन्हा उघडी प्लेट मोजायची होती. काम काही संपलं नव्हतं. “पुढच्या वेळी तोंडाने सांगायचं, ताई,” ती म्हणाली. “शिव्या देऊन सांगा, पण सांगा. दोन रात्री झोपले नाही मी.”

पुढच्या वेळी. म्हणजे पुढची वेळ असणार, हे शिवांगीने धरूनच ठेवलं होतं. शरयूने दुर्बिणीला डोळा लावला, बघायचं काही नसताना. दिवा वर होता. तार, तिच्याखाली झळझळीत प्रतिबिंब. मध्ये काही दिसत नव्हतं. जे होतं ते उजेड खाली केल्याशिवाय दिसणार नव्हतं, आणि ते आता दोघींनाही माहीत होतं.

तिने डोळा काढला.

“सांगेन,” ती म्हणाली. आणि शिवांगी बॅग खांद्याला अडकवून दारापर्यंत पोचली होती, तेव्हा, अजून ना सौमित्रला सांगितलेलं, ना डॉटला, ते तिने तिला सांगितलं.

“शिवांगी, मी टनेल घेतेय.”